घशातला साप, बांधावरचा साप आणि घोड्याचे रक्त

मराठीत डिप्थेरियाला घटसर्प म्हणतात. हा शब्द ज्याने प्रथम वापरला त्याने तो रोग फार जवळून पाहिला असला पाहिजे. मुलाचा घसा दुखू लागतो, थोडा ताप येतो, आणि दोन दिवसांत घशाच्या मागच्या बाजूस राखाडी रंगाचा एक चिवट पापुद्रा धरतो. तो खरवडू गेले तर रक्त येते. पापुद्रा खाली श्वासनलिकेत उतरला की मूल घुसमटू लागते, मान सुजते, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येतो. गळ्याला सापाने विळखा घातला आहे असेच पाहणाराला वाटावे. शेतकरी वाचक म्हणतील, घटसर्प तर पावसाळ्याच्या तोंडाशी म्हशींना होतो. खरे आहे, गुरांच्या एका रोगालाही आपण हेच नाव दिले आहे. त्याचा जंतू वेगळा, रोग वेगळा. गळा मात्र दोघांचाही सुजतो. आज त्या जनावरांच्या घटसर्पाकडे आपल्याला जावयाचे नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, मला आपणांस एका औषधाची हकीकत सांगावयाची आहे, आणि त्या औषधाने प्रथम हा घशातला साप मारला, मग खरा, बांधावरचा साप. हे औषध झाडपाल्यातून निघत नाही, की कारखान्यात रसायने मिसळूनही होत नाही. ते घोड्याच्या रक्तात तयार होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत घटसर्पावर डॉक्टरांच्या हाती काय होते? फार थोडे. घसा औषधी द्रवाने पुसावा, वाफ द्यावी, आणि मूल निळे पडू लागले की कंठाला छेद देऊन नळी बसवावी. युरोपातल्या मोठ्या शहरांतल्या बालरुग्णालयांत या रोगाचे वेगळे वॉर्ड असत, आणि त्यांत आलेल्या मुलांपैकी निम्मी परत घरी जात नसत. नळी बसवून श्वास मोकळा केलेली मुलेदेखील आठ-दहा दिवसांनी, बरी होतात असे वाटत असतानाच, हृदय बंद पडून जात. हे कोडे कोणाला उलगडत नव्हते.

१८८३ साली एडविन क्लेब्स याने या पापुद्र्यात एक जंतू पाहिला. पुढच्या वर्षी फ्रीडरिख लोफ्लर याने तो वेगळा काढून प्रयोगशाळेत वाढवला. लोफ्लर हा बारकाईने पाहणारा मनुष्य. त्याच्या ध्यानात आले की जंतू घशाशीच ठाण मांडून बसतात, आत शिरत नाहीत. पण मेलेल्या प्राण्याचे हृदय, मूत्रपिंडे वगैरे दूरचे अवयव बिघडलेले असतात. चोर ओटीवरच बसला आहे आणि माजघरातले सामान मोडले आहे, असा हा प्रकार. मग मोडले कोणी? लोफ्लरने अंदाज केला की जंतू एखादे विष सोडत असावा. १८८८ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सिन यांनी ते सिद्ध करून दाखवले. त्यांनी जंतू वाढवलेला रस चिनीमातीच्या बारीक गाळणीतून गाळला. गाळलेल्या रसात एकही जंतू नव्हता, तरी तो टोचलेली जनावरे घटसर्पाचीच लक्षणे होऊन मेली. मारणारा जंतू नसून त्याचे विष आहे हे आता नक्की झाले.

येथून पुढची पायरी बर्लिनमध्ये चढली गेली. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत एमिल बेहरिंग नावाचा लष्करी डॉक्टर आणि शिबासाबुरो कितासातो हा जपानी संशोधक शेजारी शेजारी काम करीत होते. कितासातोने १८८९ साली धनुर्वाताचा जंतू शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवला होता, आणि ते काम त्या काळी अशक्य मानले जात होते. धनुर्वातही विषाचाच रोग. या दोघांनी जनावरांना आधी अगदी दुबळे केलेले, मग हळूहळू चढत्या मात्रेचे विष दिले. अशी जनावरे पुढे मोठी मात्राही पचवू लागली. आपल्याकडे गोष्टींतल्या विषकन्या अशाच तयार होत असत म्हणतात. पण या मंडळींनी एक प्रश्न विचारला, तो गोष्टी सांगणारांना कधी सुचला नव्हता. ही ताकद नेमकी आहे कोठे? त्यांनी विष पचवलेल्या सशाचे रक्त काढले, ते गोठू दिले, वर सुटलेले पिवळसर पाणी, म्हणजे रक्तजल, घेतले आणि ते उंदराला टोचले. त्या उंदराने कधीही विषाची चव घेतलेली नव्हती, तरीही तो धनुर्वाताच्या विषाने मेला नाही. ताकद रक्तजलात होती, आणि ती एकाच्या अंगातून काढून दुसऱ्याच्या अंगात घालता येत होती.

हा निबंध ४ डिसेंबर १८९० रोजी एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला, दोघांच्या नावाने. आठवड्याने बेहरिंगने घटसर्पावरचा दुसरा निबंध एकट्याच्या नावाने दिला. १९०१ साली वैद्यकाचे पहिलेच नोबेल पारितोषिक देण्यात आले ते एकट्या बेहरिंगला. कितासातोचे नाव त्यात नाही. मला हे नेहमी खटकत आले आहे. मात्र त्याच्या देशाने त्याची आठवण ठेवली. २०२४ च्या जुलैपासून जपानच्या हजार येनच्या नोटेवर या जंतुशास्त्रज्ञाचे चित्र आहे.

उंदराला लागते थेंबभर, मुलाला लागते पुष्कळ. एवढे रक्तजल देणारे, अंगापिंडाने मोठे, शांत स्वभावाचे आणि विष सहन करणारे जनावर हवे होते. बेहरिंगने मेंढ्या घेतल्या होत्या. रूने पॅरिसला घोडे घेतले, आणि ही निवड इतकी बरोबर ठरली की आजही बहुतेक ठिकाणी घोडाच हे काम करतो. त्याच्या मानेच्या शिरेतून एका वेळी कित्येक लिटर रक्त काढता येते आणि त्याला फारसे जाणवतही नाही.

१८९४ च्या फेब्रुवारीपासून रू आणि त्याचे सहकारी पॅरिसच्या एका बालरुग्णालयात घटसर्पाच्या प्रत्येक मुलाला हे रक्तजल देऊ लागले. आधीच्या चार वर्षांत तेथे शंभरांतली पन्नासाहून अधिक मुले दगावत होती. आता पंचवीसच्या आत आली. त्याच महिन्यांत शहरातल्या दुसऱ्या बालरुग्णालयात रक्तजल मिळत नव्हते, तेथे शंभरांतली साठ जात होती. वाचकहो, या तुलनेकडे क्षणभर थांबून पाहा. शास्त्राच्या दृष्टीने ही तुलना फार मोलाची, कारण औषधानेच फरक पडला हे तिच्यावरून दिसते. पण दुसऱ्या रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या आईला ती कशी वाटली असती? सगळ्यांना पुरेल इतके औषध तेव्हा नव्हतेच. रूने सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या परिषदेत हे आकडे वाचून दाखवले. पॅरिसच्या 'फिगारो' या वृत्तपत्राने वर्गणी उघडली. लोकांनी पैसे धाडले, आणि त्यातून घोडे व तबेले उभे राहिले.

आता एक अडचण आली. प्रत्येक घोडा सारखा नसतो. एकाचे रक्तजल जोरकस, दुसऱ्याचे पाण्यासारखे. डॉक्टराने किती टोचावे? हे गणित सोडवले पॉल एर्लिख याने. अडीचशे ग्रॅम वजनाच्या गिनीपिगला जेमतेम मारणारी विषाची मात्रा घ्यावी. अशा शंभर मात्रा निकामी करणारे रक्तजल म्हणजे एक युनिट. पण विष बाटलीत ठेवले की दिवसेंदिवस उतरते, म्हणजे मापच आखडते. म्हणून त्याने विषाऐवजी प्रमाणभूत रक्तजलच वाळवून, हवा काढलेल्या काचेच्या नळ्यांत, अंधारात आणि थंडीत ठेवले आणि नवे प्रत्येक रक्तजल त्याच्याशी ताडून पाहण्याची पद्धत १८९७ साली प्रसिद्ध केली. तराजू आधी नसला तर दुकान चालत नाही. बेहरिंगचे नाव झाले, पण माझ्या मते एर्लिखच्या या तराजूशिवाय रक्तजल हे भरवशाचे औषध झाले नसते. पुढे या दोघांचे पैशावरून बिनसले. त्यात आपण पडू नये.

ही ताकद काय आहे याची एर्लिखने केलेली कल्पनाही सांगण्यासारखी आहे. विषाच्या कणाला एक विशिष्ट आकार असतो, आणि शरीर त्या आकाराला बरोबर बसेल असा कण तयार करून रक्तात सोडते, कुलपाला किल्ली बसावी तसा. आज आपण या कणांना प्रतिपिंडे म्हणतो. तपशील पुष्कळ बदलले, पण आकाराला आकार बसतो ही गोष्ट खरी ठरली. तिच्यातून एक कठोर नियम निघतो. प्रतिपिंड विषाला रक्तात गाठू शकते. विष एकदा हृदयाच्या किंवा मज्जातंतूच्या पेशीत शिरले की मग त्याला बाहेर ओढता येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी टोचलेले मूल बहुधा वाचते, चौथ्या-पाचव्या दिवशी टोचलेल्याचा भरवसा नसतो. आठ-दहा दिवसांनी हृदय का बंद पडत होते, त्याचेही उत्तर येथेच आहे.

दरम्यान या औषधाची दुसरी बाजूही दिसू लागली होती. १९०१ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जिम नावाचा एक घोडा होता. पूर्वी दुधाची गाडी ओढीत असे, मग रक्तजलासाठी ठेवला. त्याला धनुर्वात झाला, पण त्याच सुमारास काढलेले रक्तजल टाकून दिले गेले नाही. घटसर्पातून वाचावीत म्हणून टोचलेली तेरा मुले धनुर्वाताने मेली. औषधे तयार करणारांवर सरकारी देखरेख हवी असा कायदा अमेरिकेत १९०२ साली झाला तो यानंतर.

जिमची गोष्ट निष्काळजीपणाची. पण सगळे नीट करूनही घोड्याचे रक्तजल माणसाला शेवटी परकेच. टोचल्यावर आठ-दहा दिवसांनी अंगावर गांधी उठतात, ताप येतो, सांधे धरतात. क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी १९०५ साली या 'सिरमच्या आजारा'वर पुस्तकच लिहिले. त्यांचे म्हणणे असे की येथे विषाचा काही संबंध नाही, रोग्याचे शरीरच घोड्याच्या द्रव्याविरुद्ध उठते. पुढच्या वर्षी पिर्केने अशा प्रकाराला ॲलर्जी हे नाव दिले. आज आपण धुळीची ॲलर्जी, कोळंबीची ॲलर्जी म्हणतो तो शब्द या तबेल्यातून आलेला आहे बरं का!

आता आपल्या मुंबईकडे येऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. लस निरोग्याला आधी द्यावयाची. त्याचे शरीर स्वतः प्रतिपिंडे तयार करते, त्याला दिवस लागतात. रक्तजल रोग्याला द्यावयाचे. त्यात दुसऱ्याने केलेली तयार प्रतिपिंडे असतात, ती लगेच कामाला लागतात आणि काही आठवड्यांत संपतात. हाफकिनच्या मागोमाग त्याच वर्षी अलेक्झांडर येर्सिन मुंबईत उतरला. रूच्या जोडीने घटसर्पाचे विष गाळणारा तोच हा येर्सिन. १८९४ साली हाँगकाँगला प्लेगचा जंतूही त्याने हुडकला होता, आणि कितासातोही तेव्हा तेथेच होता. येर्सिनने घोड्यांपासून प्लेगविरोधी रक्तजल तयार केले होते. चीनमध्ये त्याला थोड्या रोग्यांत चांगले यश आले होते. मुंबईत मात्र निराशा पदरी पडली. प्लेगचा जंतू घशात बसून विष सोडणारा नव्हे. तो स्वतःच रक्तात शिरतो आणि झपाट्याने वाढतो. एका रोगावर लागू पडलेला उपाय दुसऱ्यावर तसाच पडेल असे नाही, हे मुंबईच्या रोग्यांनी आपल्या जिवावर दाखवून दिले.

हीच चूक सापाच्या बाबतीत आणखी मोठ्या प्रमाणावर झाली. आल्बेर कालमेत हा पाश्चरच्या परंपरेतला डॉक्टर १८९१ साली सायगावला होता. तेथे पुराच्या वेळी एका गावात नाग शिरून पुष्कळ लोकांना चावले. कालमेत त्या नागांच्या विषावर काम करू लागला आणि १८९४ साली पॅरिसमध्ये त्याने नागाच्या विषाविरुद्धचे रक्तजल जाहीर केले. फिझालिक्स आणि बेर्त्राँ यांनीही स्वतंत्रपणे तीच वाट काढली होती. शोध मोठा होता यात शंका नाही. पण कालमेतने असा समज करून घेतला की नागाचे रक्तजल सगळ्याच सापांवर चालेल. हे त्याचे म्हणणे हिंदुस्थानात टिकले नाही. जॉर्ज लँब या लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याने मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत आणि पुढे कसौलीला बसून एकेका सापाचे विष एकेका रक्तजलाशी लावून पाहिले. नागाचे रक्तजल घोणसाच्या विषाला हातही लावीत नाही, असे त्याने दाखवले. ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझिल यांनाही तेथल्या सापांबद्दल हेच आढळले. कुलूप दुसरे, तर किल्लीही दुसरी हवी.

आपल्या शेतकऱ्याला हे ऐकून नवल वाटले नसते. नाग चावला तर पापण्या मिटतात, बोलणे बोबडे होते, श्वास थांबतो. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखतही नाही, सूजही नाही, पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या जड होतात. घोणस आणि फुरसे यांचे काम निराळे. त्यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते, हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त वाहू लागते. घोणस मूत्रपिंडेही निकामी करते. म्हणून पुढे आपल्या देशात या चारही सापांची विषे घोड्याला टोचून चौघांवर चालणारे एकच रक्तजल करण्याची पद्धत पडली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हाफकिनची प्रयोगशाळा १८९९ साली गेली, १९२५ साली तिला त्याचे नाव मिळाले, आणि ही सर्पविषावरची लस महाराष्ट्रभर हाफकिनची लस म्हणूनच ओळखली गेली. १९७५ साली औषधे तयार करण्याचे खाते वेगळे महामंडळ झाले. त्याचे घोडे पुण्याजवळ पिंपरीला असत. घोड्याला महिनोन् महिने चढत्या मात्रेने विष देतात. मग रक्त काढतात, त्यातल्या तांबड्या पेशी वेगळ्या करून त्या घोड्याला परत देतात, उरलेल्या द्रवातली प्रतिपिंडे पेप्सिनने छाटून घोडेपण शक्य तितके कमी करतात, आणि वाळवून कुपीत भरतात.

आता मी आपणांस नियमाचा दुसरा उपयोग सांगतो. किल्ली हाती असली की तिच्यावरून कुलूप कोणाचे हेही सांगता येते. ज्या प्रतिपिंडाने औषध होते, त्याच प्रतिपिंडाने निदानही होते. १८९६ साली व्हिएन्नात माक्स ग्रुबर आणि हर्बर्ट डरहॅम यांनी पाहिले की विषमज्वराविरुद्ध तयार झालेले रक्तजल विषमज्वराच्या जंतूंत मिसळले तर मोकळे पोहणारे जंतू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. त्याच वर्षी पॅरिसला फेर्नां विदाल याने ही गोष्ट उलटी केली. जंतू ओळखीचे घ्या, रक्तजल रोग्याचे घ्या. गुठळ्या झाल्या तर त्या रोग्याच्या शरीराची त्या जंतूशी गाठ पडली आहे. हीच आपली 'विडाल टेस्ट'. गेली सव्वाशे वर्षे आपल्याकडे घरोघर या परीक्षेचे नाव आहे, ताप आठ दिवस राहिला की शेजारीण विचारते, "अहो, विडाल केलीत का?"

मात्र या साक्षीदाराच्या साक्षीला मर्यादा आहेत, आणि डॉक्टर म्हणून मला ते स्पष्ट सांगितले पाहिजे. पूर्वी कधी विषमज्वर होऊन गेला असेल, लस टोचून घेतली असेल, दुसऱ्याच एखाद्या जंतूने साधारण तशीच प्रतिपिंडे तयार केली असतील, तरी गुठळ्या होतात. उलट पहिल्या आठवड्यात खरा विषमज्वर असूनही होत नाहीत. शिवाय आपल्यासारख्या मुलखात निरोगी माणसांच्या रक्तातही थोडी प्रतिपिंडे असतातच. रक्तातून प्रत्यक्ष जंतू वाढवून पाहणे हे अधिक भरवशाचे. एका विडालच्या कागदावर कित्येकांनी महिनाभर पेज खाल्ली आणि ताप भलत्याच कारणाचा निघाला, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

अशाच गुठळ्यांवरून कार्ल लँडस्टायनरने १९०१ साली माणसांचे रक्तगट वेगळे काढले. आणि १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांना अशी माणसे आढळली की तपासणीत त्यांचा गट 'ओ' वाटे, पण त्यांच्या रक्तजलात 'ओ' गटाचे रक्त घातले तरी गुठळ्या होत. 'ओ' रक्त सगळ्यांना चालते हा तोवरचा पाठ. या माणसांना तेही चालत नव्हते. सगळ्या गटांच्या मुळाशी जे एक द्रव्य असते तेच त्यांच्या पेशींवर नव्हते. जगभरच्या वैद्यकात या गटाला आजही 'बॉम्बे' हेच नाव आहे. हा गट दुर्मीळ, मुंबईत सुमारे दहा हजारांत एक असा ढोबळ अंदाज देतात. अशा माणसाला रक्त लागले तर त्याच गटाचा दाता शोधून आणावा लागतो. निदान चुकले तर दिलेले रक्तच मारक ठरते.

घटसर्पाचे पुढे काय झाले? १९२० नंतरच्या काळात फॉर्मॅलिनने निर्विष केलेल्या विषाची लस निघाली, मुलांना ती आधीच टोचता येऊ लागली, आणि श्रीमंत देशांतून रोग जवळजवळ नाहीसा झाला. रोगाबरोबर औषधही नाहीसे झाले. २०१५ साली स्पेनमधल्या ओलोत गावी लस न घेतलेल्या सहा वर्षांच्या एका मुलाला घटसर्प झाला. तीसएक वर्षांत तेथे कोणी हा रोग पाहिला नव्हता. रक्तजल देशात नव्हते. शोधाशोध करून ते रशियातून आणवावे लागले. ते आले, टोचलेही, पण मूल वाचले नाही. १९२५ च्या हिवाळ्यात अलास्कातल्या नोम गावाला हेच औषध कुत्र्यांच्या गाड्यांनी ६७४ मैल बर्फातून पाच-साडेपाच दिवसांत पोचवले होते, ते येथे आठवते. आपल्या देशात घटसर्प अजून गेलेला नाही. जेथे मुलांचे टोचणे राहून जाते तेथे तो पुन्हा डोके काढतो.

नव्या रोगाच्या वेळी माणसाला जुने औषध आठवते. २०२० साली कोविडच्या साथीत बऱ्या झालेल्यांचे रक्तद्रव आजारी माणसांना देण्याची धावपळ आपण सर्वांनी पाहिली. रात्री-अपरात्री फोन येत, "प्लाझ्मा मिळेल का?" भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर रीतसर परीक्षा घेतली. ज्यांना दिले आणि ज्यांना दिले नाही, त्यांच्यात मृत्यूच्या बाबतीत फरक दिसला नाही. बहुतेक रुग्णांच्या रक्तात त्या वेळपर्यंत त्यांची स्वतःची प्रतिपिंडे आलेली होती. २०२१ च्या मे महिन्यात हा उपाय सरकारी नियमावलीतून काढण्यात आला. येर्सिनने मुंबईत सोसले तेच पुन्हा.

साप मात्र आहे तेथेच आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. यांतली बहुतेक खेड्यांतली, शेतावर राबणारी. सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा आखला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणावयाचे म्हणून. अडचण नुसत्या मांत्रिकाची नाही. आपल्या रक्तजलासाठी लागणारे विष वर्षानुवर्षे मुख्यतः तामिळनाडूतून, इरुळा जमातीच्या सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येत आले. त्यांचे कसब वाखाणण्याजोगे. पण तिकडचे फुरसे आणि आपल्याकडचे फुरसे यांचे विष अगदी एकच नसते. मुलूख बदलला की विषाचे घटक कमीजास्त होतात. लँबने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सांगितलेलीच गोष्ट, फक्त अधिक बारीक. बंगळूरच्या विज्ञान संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह २०२४ साली प्रयोगशाळेत घडवलेले एक प्रतिपिंड प्रसिद्ध केले, त्याला घोडा लागत नाही. नाग, मण्यार यांच्या वर्गातल्या सापांचे मज्जातंतूंवर जाणारे एक प्रमुख विष त्याने उंदरांत अडवले. घोणस आणि फुरसे यांच्यावर ते चालणारे नाही. तोवर तबेले राहणारच.

मी १९७८ च्या पावसाळ्यात देवगडकडच्या एका लहानशा दवाखान्यात होतो. तो भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. एका रात्री चौघांनी झोळीत घालून एक पन्नाशीचा गडी आणला. कातळावर गवत कापताना दुपारी फुरसे चावले होते, आणि मधले सहा तास अंगाऱ्यात गेले होते. हिरड्यांतून रक्त येत होते. काचेच्या नळीत त्याचे रक्त धरून ठेवले, ते पाण्यासारखे हलत राहिले. कपाटात कुप्या मोजून पाच. त्या मी सलाइनमधून सोडल्या, एका हातात ॲड्रिनॅलिनची सुई तयार धरून. कारण घोड्याचे द्रव्य न सोसून मनुष्य पाच मिनिटांतही जाऊ शकतो. त्याला थंडी वाजली, अंग लाल झाले, मग ओसरले. पहाटे पुन्हा नळी धरली तेव्हा तळाशी रक्ताची घट्ट गुठळी बसली होती. चौथ्या दिवशी तो चालत घरी गेला.

पंधरवड्याने तो परत आला तो लंगडत. गुडघे सुजलेले, अंगभर गांधी, खाज. पिर्के आणि शिक यांनी वर्णन केलेला सिरमचा आजार समोर उभा होता. मी त्याला समजावून सांगू लागलो की हे त्या औषधातल्या घोड्यामुळे, चार दिवसांत जाईल. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "डॉक्टरांनू, फुरसां परवडलां, पण तुमचो घोडो नको."

त्याला गोळ्या दिल्या. जाताना बायकोने पडवीत भोपळा ठेवला होता.